नववा मासा

वाशीच्या दाणाबाजारात हिंडताना अनेक गाळ्यांतून एक दृश्य हमखास दिसते. गादीमागे भिंतीवर तसबीर, शेजारी दिनदर्शिका, पुढ्यात नमुन्याच्या डाळींच्या वाट्या आणि कोपऱ्यात काचेची पेटी. तिच्यात आठ सोनेरी मासे आणि एक काळा. नऊ ही सुबत्तेची संख्या, ही मूळ कल्पना चीनमधील फेंगशुईची. सोनेरी मासे लक्ष्मी आणतात आणि काळा मासा धंद्यावर येणारे अरिष्ट स्वतःच्या अंगावर घेतो, असा तिचा अर्थ लावला जातो. काळा मासा मेला तर वाईट मानायचे नाही. संकट टळले असे समजून दुसरा आणून सोडायचा. हसरा बुद्ध, बांबूची कुंडी आणि तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक यांच्याबरोबर ही पेटीही वास्तूच्या सल्लागारांच्या हातून व्यापारपेठेत शिरली आणि रुळली. नवल याचे, की ज्या घरांत पाणी गाळल्यावाचून ओठाला लागत नाही आणि सूर्यास्तानंतर ताट मांडले जात नाही, त्या घरांच्या गाळ्यांतही ती कोणाला फारशी खटकली नाही.

अशाच एका गाळ्याची आणि तेथील मुलाची ही हकीकत आहे.

घराणे मूळचे बार्शीचे. तूर, हरभरा आणि मूग यांच्या घाऊक व्यापारातले. आजोबांना घरीदारी सारे अण्णा म्हणत. त्यांनी मशीद बंदरच्या दाणाबंदरात उमेदवारी केली आणि बाजार खाडी ओलांडून वाशीला आला तेव्हा येथे गाळा घेतला. पुढे तो मुलाच्या हाती सोपवून ते स्वाध्यायात रमले. २०१५ साली किरकोळ बाजारात तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली होती. त्या तेजीच्या भरवशावर २०१६ च्या पावसाळ्यात वडिलांनी चढ्या भावाने माल भरला. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, रोकड आटली. आणि पाठोपाठ नवी तूर विक्रमी प्रमाणात बाजारात उतरली. बोनससह हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता. बाजारातला दर त्याच्याही खाली घसरला. वखारीतली प्रत्येक गोणी तोटा बोलू लागली. अशा वेळी माणूस सल्ला विचारत हिंडतो, आणि सल्ला देणारेही नेमके अशाच वेळी भेटतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये गाळ्याच्या उत्तरेकडील कोपऱ्यात नऊ मासे आले. पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच; म्हणजे सुमारे पंचावन्न लिटर पाण्याची.

मुलगा तेव्हा नववीत होता. शाळा सुटल्यावर तो गाळ्यावर येई, म्हणून माशांना दाणे घालण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्या मोबाईलमध्येही एक मासा आला, आणि काही महिने ही दोन्ही पालनपोषणे शेजारी शेजारी चालली.

मोबाईलमधला मासा समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागेल. पोकेमॉन हा मूळ खेळ १९९६ साली जपानमध्ये निघाला. त्यात नाना तऱ्हेचे काल्पनिक प्राणी शोधायचे, पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचे. प्राणी मरत नाही, मूर्च्छित होतो. या मूळ पेढीला पुढे पुष्कळ फांद्या फुटल्या: कोणी चालायला लावणारी, कोणी गुप्तहेराची गोष्ट सांगणारी, अलीकडे तर झोप मोजणारीसुद्धा. अशा फांदीखेळाला स्पिन-ऑफ म्हणतात. त्यांच्याविषयी मुलाची मते फार ठाम होती आणि ती त्याने खेळांपेक्षा घरातून उचलली होती. वडिलांनी पूर्वी पनवेलला शाखा काढली होती. तेथे वाशीचाच माल, वाशीच्याच पद्धतीने, किंचित चढ्या भावाने विकला जाई. दोन वर्षांत ती बंद करावी लागली. उलट काकूंनी गाळ्यातल्याच डाळी नेऊन नेरूळला घरच्या घरी भाजणी करून विकायला सुरुवात केली, ती आजही चालते. मूळ दुकानाचे नाव लावून तोच माल कमी वजनाने विकणारी शाखा नको; मूळ दुकानाला जे जमत नव्हते ते करणारी हवी. पंधरा वर्षांच्या आतले मूल ज्या गांभीर्याने असे सिद्धांत मांडते, त्याच गांभीर्याने तो हे जेवणाच्या पाटावर मांडत असे, आणि घरातल्या कोणाला त्यात खोट काढता येत नसे.

आदल्या वर्षी, म्हणजे २०१६ च्या जुलैत, 'पोकेमॉन गो' परदेशात निघाला. भारतात तो रीतसर १४ डिसेंबर २०१६ रोजी आला, तोही रिलायन्स जिओशी हातमिळवणी करून. रिलायन्सची दुकाने त्या खेळातील थांबे बनली. खेळाच्या थांब्यावर मूल आले की मागोमाग गिऱ्हाईक येते, हे वडिलांना न सांगता कळले. पण त्याआधीच आडवाटेने तो खेळ मुलांच्या मोबाईलमध्ये पोचला होता आणि वाशीच्या सागर विहारच्या कठड्याशी संध्याकाळी माना खाली घातलेली मुले फिरताना दिसत. या खेळात थांब्यांवर अंडी मिळतात आणि ती दोन, पाच किंवा दहा किलोमीटर चालून उबवायची असतात. थांबे सार्वजनिक ठिकाणी असल्याने त्यांत मंदिरेही आली. सप्टेंबर २०१६ मध्ये यावरूनच गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. हिंदू आणि जैन उपासनास्थळांत अंडी दाखवल्याने भावना दुखावतात, असे त्यात म्हटले होते. न्यायालयाने खेळ काढणाऱ्या निआंटिक कंपनीला आणि सरकारला नोटीस काढली.

ही बातमी घरात वाचली गेली तेव्हा मुलाला हसू आले. अंडे फुटत नाही, कोणी ते खात नाही, त्यातून फक्त चित्र बाहेर पडते. त्याने कोणाचे काय बिघडते? अण्णांना अंड्याचे विशेष वाटले नाही. "अंडे पडद्यावरचे आहे हे मलाही कळते," ते म्हणाले. "पण देवळाच्या पायरीवर उभा असलेला मुलगा कोठे बघत होता, एवढेच मला विचारायचे आहे." या प्रश्नात याचिकेपेक्षा अधिक धार होती, असे म्हणावे लागेल.

मे २०१७ मध्ये निघालेला 'मॅजिकार्प जंप' ही मुलाच्या मते पोकेमॉनची सर्वांत प्रामाणिक शाखा होती. मॅजिकार्प हा कार्प जातीचा तांबडा मासा. मूळ खेळात तो चेष्टेचा विषय. त्याला लढता येत नाही, तो नुसता फडफडतो. विसाव्या पातळीला पोचला की मात्र त्याचा अक्राळविक्राळ गॅराडोस होतो. धबधबा चढून ड्रॅगन बनणाऱ्या कार्प माशाची जी चिनी आख्यायिका आहे, तिची ही छाया. फांदीखेळाने या दुबळ्या माशालाच नायक केले. तळ्यात फळे तरंगतात, ती खाऊ घालायची, सराव करवायचा, आणि कोणाचा मासा उंच उडी मारतो याची स्पर्धा. झुंज नाही, जखम नाही, मूर्च्छाही नाही. मूळ पेढीला जे जमले नाही ते शाखेने केले.

पण या खेळात एक काटा आहे. मधूनच एखादा प्रसंग येतो: झाडावर फळ लोंबते आहे, माशाने उडी मारावी का? होकार दिला आणि नशीब फिरले, तर पक्षी झडप घालून मासा उचलून नेतो. तो परत येत नाही. लगेच गळ टाकायचा, दुसरा मॅजिकार्प पकडायचा. पिढीचा आकडा एकाने वाढतो आणि खेळ पुढे चालू. मुलाला पहिल्यांदा हळहळ वाटली, दुसऱ्यांदा कमी वाटली. तिसऱ्यांदा त्याने आकडा पाहिला.

गाळ्यातला पहिला काळा मासा एकोणीस दिवसांत मेला होता. त्याच आठवड्यात एका जुन्या, अडकलेल्या उधारीचे पैसे आले आणि समजूत पक्की झाली. दुसरा महिनाभर टिकला. जूनपर्यंत चार झाले. सोनेरी मात्र आठही तसेच होते, हे पाहून येणारेजाणारे व्यापारी मान डोलावत: काळा आपले काम चोख करतो आहे.

काळाच का मरतो, हा प्रश्न मुलाने विचारला, आणि त्याचे उत्तर शोधायला त्याला फार लांब जावे लागले नाही. दुकानदार ज्याला काळा गोल्डफिश म्हणून विकतात तो बहुधा 'ब्लॅक मूर' असतो: फुगीर अंगाचा, बटबटीत बाहेर आलेल्या डोळ्यांचा. शोभेसाठी पिढ्यान्पिढ्या निवड करून माणसाने त्याला तसा घडवला आहे. त्या डोळ्यांनी त्याला नीट दिसत नाही आणि त्या अंगाने त्याला वेगात पोहता येत नाही. चपळ, सडसडीत सोनेरी माशांबरोबर तो ठेवला की दाणे पडताच ते तुटून पडतात आणि याच्या वाट्याला तळाशी गेलेले चुरे येतात. अरिष्ट ओढून घेणारा म्हणून तो आधी मरत नाही. तो उपाशी राहतो म्हणून आधी मरतो.

त्यात पाण्याची भर. मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. मोठ्या, जुन्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीवाणू त्या विषाचे दुसऱ्या आणि मग तिसऱ्या, बऱ्याच सौम्य पदार्थात रूपांतर करतात. हे जीवाणू नव्या पेटीत रुजायला महिना-दीड महिना लागतो. पंचावन्न लिटरमध्ये नऊ गोल्डफिश म्हणजे एका खोलीत पंधरा माणसांचा संसार. शिवाय गाळ्यातला गडी मोठ्या निष्ठेने दर रविवारी सगळे पाणी उपसून, स्पंज नळाखाली घासून, पेटी लख्ख करत असे. मोरबे धरणातून येणारे पाणी माणसांसाठी क्लोरीन घालूनच नळाला सोडतात. त्या क्लोरीनने स्पंजातले जीवाणू दर रविवारी मरत आणि सोमवारपासून विष पुन्हा साचू लागे. सूक्ष्म जीवांचा विचार ज्यांच्या नित्यकर्मात आहे त्या घराच्या गाळ्यात, नेमक्या न दिसणाऱ्या जीवांच्या अभावी दिसणारा जीव मरत होता.

मुलाने हे सगळे वडिलांपुढे वहीत लिहून ठेवले. वडिलांनी शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाले, "मासा कशाने मरतो ते तू सांगितलेस. तो मेल्यावर उधारी कशाने वसूल होते ते सांग." याचे उत्तर वहीत नव्हते. भीतीला कार्यकारणभाव पटत नाही असे नाही. तिला तो अर्धाच हवा असतो.

अण्णांनी या विषयात तोंड उघडले नव्हते. गाळा एकदा मुलाच्या हाती दिल्यावर गादीवरच्या कोणत्याही गोष्टीत बोलायचे नाही, हा त्यांचा नियम. पण नातू गादीवर बसत नव्हता, तेव्हा त्याच्याशी बोलायला आडकाठी नव्हती. एका अष्टमीला त्यांनी त्याला यशोधर राजाची कथा सांगितली. ही कथा जुनी आणि जैन कवींची फार आवडती: सोमदेवसूरींनी इसवी सन ९५९ मध्ये यशस्तिलक पूर्ण केले ते याच राजावर, पुष्पदंताने अपभ्रंशात जसहरचरिउ लिहिले, आणि जुन्या मराठीतही मेघराजाचा जसोधररास आहे. राजाच्या दुःस्वप्नाचे अरिष्ट टळावे म्हणून त्याची आई चंद्रमती बळी द्यायला सांगते. राजा जीवहत्येला नकार देतो. तेव्हा मधला मार्ग निघतो: पिठाचा कोंबडा करून तो कापायचा. जीव नाही, रक्त नाही, पाप नाही. राजा घाव घालतो. आणि त्या पिठाच्या कोंबड्यापायी दोघेही जन्मोजन्मी पशुयोनीत फिरतात. एका जन्मी राजा मोर होतो आणि आई कुत्रा. पुढे एका जन्मी तो शिप्रा नदीत मासा होतो.

मुलाला वाटले, हा बाण मोबाईलवर आहे. पडद्यावरचा मासा म्हणजे पिठाचा कोंबडाच की! तो पक्ष्याच्या तोंडी दिला तर दोष लागेल, असे आजोबांना म्हणायचे असणार. त्याने तसे विचारले.

"राजाने घाव घालताना तो कोंबडा खरा मानला होता," अण्णा म्हणाले. "पिठाला जीव मानून त्याने मारले. तू त्या उडीच्या माशाला काय मानतोस?"

"खेळ."

"मग तो खेळ आहे. फार वेळ खेळू नकोस म्हणजे झाले. आणि गाळ्यातल्या काळ्याला काय मानतात?"

मुलगा गप्प राहिला. अण्णांनीही पुढे काही म्हटले नाही. यशोधराने पिठाला जीव मानले होते. येथे जिवाला पीठ मानले जात होते. दुःस्वप्न तेच होते, भावातले.

पाचवा काळा मासा आणायला मुलाने नकार दिला. वडिलांना एखादी गोष्ट तोंडावर नाही म्हणण्याची त्याची ती पहिली वेळ. घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मेहताजींनी येतायेता एक काळा मासा प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणला आणि नऊ पुरे झाले.

जुलैत वस्तू व सेवा कर लागू झाला. शिल्लक मालाचा हिशेब नव्या पद्धतीने बसवायचा म्हणून वडील रात्री उशिरापर्यंत गाळ्यावर थांबत. अशाच एका रात्री पावसाने बाजाराची वीज गेली. पेटीतला हवेचा पंप बंद पडला. अर्ध्या तासाने मेणबत्तीच्या उजेडात वडिलांचे लक्ष गेले तेव्हा नऊही मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करत होते. काळा सर्वांत मागे, कोपऱ्यात, अंग तिरपे करून. त्यांनी घरी फोन लावला. मुलाने सांगितले, की तांब्याने पेटीतलेच पाणी उचलायचे आणि उंचावरून पुन्हा पेटीतच धार धरायची. पडताना पाणी हवा घेऊन जाते. वीज साडेअकराला आली. तोवर, म्हणजे जवळजवळ दोन तास, लाखांच्या तोट्याचे कागद बाजूला सारून तो माणूस तांब्याने पाणी ओतत उभा होता. अरिष्ट अंगावर घ्यायला आणलेल्या माशाला त्या रात्री त्याने मरू दिले नाही. असे का केले, हे त्याने कोणाला सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

पुढच्या आठवड्यात पेटी गाळ्यातून हलली. नेरूळच्या घरात चार फुटांची, अडीचशे लिटरची नवी पेटी आली. जुनी काळ्यासाठी वेगळी लावली, त्याला एकट्याला, सावकाश खाता यावे म्हणून. तुरीचा भाव त्यामुळे वाढला नाही. तो तोटा भरून यायला तीन हंगाम जावे लागले.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. संकट टाळण्यासाठी आणलेला मासा बदलता येतो. पाळलेला बदलता येत नाही. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. दुकानातल्या दाण्यांच्या डब्यावर घटक वाचले तर पहिलाच घटक सुक्या मासळीचे पीठ. एका जलचराला जगवायला दुसऱ्या जलचराचे चूर्ण घरात येत होते. गोल्डफिश सुदैवाने मिश्राहारी. उकडून साल काढलेला मटार, शेवाळाची पूड, पालकाची पाने तो आवडीने खातो. चातुर्मासात घरातल्या माणसांच्या ताटात पालेभाजी नसे आणि माशांसाठी पालक निवडला जाई. आईला हे फार विनोदी वाटे. पण केवळ पाल्यावर त्याचे भागते असे म्हणणे खोटे ठरेल. दाणे कमी झाले, बंद झाले नाहीत. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला बंध आणि शेवटचा अन्नपाननिरोध. बांधून ठेवू नये आणि उपाशी ठेवू नये. पेटीपुढे उभे राहिले की पहिला झालेलाच असतो, आणि दुसरा टाळण्यासाठी डबा उघडावा लागतो. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात पंधरा कर्मादानांपैकी असतीपोषण सांगताना पैशासाठी पोपट, मैना, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर पाळणे त्यात घातले आहे. माशाचे नाव त्या यादीत नाही; तेव्हा काचेची पेटी नव्हती. पण लक्ष्मी यावी म्हणून ठेवलेला मासा पैशासाठीच ठेवलेला नाही का, हा प्रश्न अण्णांनी त्या वेळी विचारला आणि वडिलांनी तो मान्य केला.

मग सोडून का देऊ नयेत? नातलगांपैकी निम्म्यांनी हेच सुचवले. जीव सोडवण्याची परंपरा मोठी आहे. हीरविजयसूरींच्या उपदेशाने अकबराने पिंजऱ्यातले पक्षी सोडले आणि फत्तेपूर सिक्रीच्या सरोवरातली मासेमारी थांबवली, ही कथा घराघरांत सांगितली जाते. पण अकबराने सरोवरातले मासे सरोवरातच राहू दिले होते. वाशीच्या खाऱ्या खाडीत गोड्या पाण्याचा गोल्डफिश सोडणे म्हणजे त्याला मारणे, आणि गोड्या तळ्यात सोडणे म्हणजे तळ्यातल्या मूळच्या माशांच्या तोंडचा घास काढणे. याचे उदाहरण या घराला परके नव्हते. पेटीची काच साफ करतो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा वाढून हातभर होतो, पेटीत मावेनासा होतो, आणि मग कोणीतरी दयेपोटी त्याला नदीत सोडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या उजनीच्या जलाशयात आज तो माजला आहे. मूळच्या माशांना जागा उरली नाही आणि त्याच्या काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात. गाई-गुरांना, पाखरांना पांजरापोळ आहे. मुंबईची पांजरापोळ तर १८३४ पासूनची. माशाला पांजरापोळ नाही. जेथे तो आला तेच घर त्याची पांजरापोळ, असे ठरवून या कुटुंबाने नवा मासा आणायचा नाही आणि असलेला टाकायचा नाही, असे दोन नियम केले.

मुलगा मोठा झाला, वाणिज्याची पदवी घेऊन गाळ्यावर बसू लागला. फांदीखेळांविषयीची त्याची मते मात्र तशीच ठाम राहिली, फक्त त्यांची दिशा बदलली. एप्रिल २०२१ मध्ये 'न्यू पोकेमॉन स्नॅप' आला. १९९९ च्या 'पोकेमॉन स्नॅप'चा हा पुढचा अवतार. यात प्राणी पकडायचा नाही, झुंजवायचा नाही, फक्त त्याचे छायाचित्र घ्यायचे. गाडी आपल्या वाटेने जाते, प्राणी आपल्या रानात असतात. फार तर एखादे फळ टाकून त्यांचे लक्ष वेधायचे. मूळ खेळाचे सारे अधिष्ठान ज्या पकडण्यावर, तेच काढून टाकूनही हा खेळ उभा राहतो. त्याच्या मते पोकेमॉनच्या साऱ्या शाखांत ही शाखा मूळ पेढीहून सरस आहे. 'मॅजिकार्प जंप'चा मान त्याने काढून घेतला नाही, पण त्यातला पिढीचा आकडा त्याला आता सलतो. झोप मोजणारा खेळ त्याने दोन दिवसांत काढून टाकला. झोपेचाही हिशेब ठेवायला लावणारी शाखा व्यापाऱ्याच्या मुलाला नको, असे तो म्हणतो.

हिवाळ्यानंतर नेरूळच्या खाडीकाठच्या पाणथळीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांना पाहायला तो अण्णांना खुर्चीसकट घेऊन जातो. तेथे कोणी काही पकडत नाही, काही विकत घेत नाही. घरी परत आल्यावर पेटीसमोरचा त्याचा चेहरा थोडा उतरतो, हे आईच्या नजरेतून सुटलेले नाही. मासे त्याची चाहूल ओळखून काचेपाशी येतात, आणि त्यांचे ते येणे प्रेमाचे की बंदिवासाचे, हे त्याला सांगता येत नाही. मासे पाळावेत का, असे कोणी विचारले तर तो नाही म्हणतो. पाळलेच आहेत असे म्हटले तर मात्र तो पेटीची लांबी विचारतो, रुंदी विचारतो, स्पंज कोणत्या पाण्यात धुता ते विचारतो, आणि दोनशे गोण्यांच्या वखारीत हजार गोण्या भराल का, असेही विचारतो.

सोनेरी आठांपैकी आता पाच उरले आहेत. काळा अजून आहे. त्याच्या एका डोळ्यावर सारा आला आहे आणि दाणा नाकापुढे धरावा लागतो. शेजारच्या गाळ्यात अजूनही नऊ आहेत. तेथील शेठजी वडिलांचे जुने स्नेही. त्यांचा फेंगशुईवरचा विश्वास अढळ आहे आणि त्यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. दर पंधरवड्याला हा तरुण एक बादली आदल्या दिवशी भरून ठेवलेले पाणी घेऊन तेथे जातो, चौथा हिस्सा पाणी बदलतो, स्पंज त्याच जुन्या पाण्यात पिळतो आणि काळ्या माशाला कोपऱ्यात वेगळे दाणे टाकून तो खाईपर्यंत थांबतो. मागील दिवाळीपासून तेथे तोच काळा मासा आहे. शेठजींना याचे आश्चर्य वाटते.